आधी वही उघडा, मग कार्ड निवडा



गेल्या महिन्यात आमच्या महिला मंडळाच्या बैठकीला एका बँकेचा मुलगा आला होता. गोड बोलणारा, कडक इस्त्रीचा शर्ट, हातात रंगीत पत्रकं. आल्या आल्या त्याने विचारलं, "काकू, तुम्ही प्रवास जास्त करता, शॉपिंग जास्त करता की बाहेर जास्त जेवता? तुमच्या सवयीला शोभेल असं रिवॉर्डचं कार्ड देतो." पंचवीस-एक जणी होतो. चौदा जणींनी तिथल्या तिथे अर्ज भरला. त्यातल्या अकरा जणींनी एकच कार्ड घेतलं, हॉटेलच्या बिलावर पाचपट पॉइंट देणारं. कारण काय, तर पहिल्या दोघींनी ते घेतलं होतं.

हॉटेलच्या बिलावर! आमच्या मंडळात निम्म्या जणी सूर्यास्तानंतर पाणीसुद्धा घेत नाहीत. कांदा, लसूण, बटाटा वगळला की हॉटेलच्या मेनूत आपल्यासाठी चार पदार्थ उरतात, त्यातले दोन ताक आणि पापड. चातुर्मासात तर बाहेरचं खाणं बंदच. अशा मंडळाने रात्रीच्या जेवणावर सवलत देणारं कार्ड घेतलं आणि त्याची वर्षाची फीही मान्य केली. आधी मला हसू आलं. घरी येऊन ते पत्रक चष्मा लावून वाचलं तेव्हा राग आला, आणि तो अजून गेलेला नाही.

त्या मुलावर राग नाही. त्याला महिन्याचं टार्गेट असेल, पोटासाठी फिरतो. राग आहे त्या प्रश्नावर. "तुमची सवय काय?" असं विचारलं की माणूस खरं सांगत नाही. खोटं बोलायचं म्हणून नाही, तर आपल्याला स्वतःविषयी जे वाटतं ते आपण सांगतो. मला विचारलं असतं तर मीही "प्रवास" म्हणाले असते. कारण शिखरजीची यात्रा माझ्या मनात आजही ताजी आहे, श्रवणबेळगोळच्या पायऱ्या आठवल्या की गुडघे दुखतात, आणि पुढच्या वर्षी गिरनारला जायचं असं मी गेली सहा वर्षं म्हणते आहे. म्हणजे मी प्रवास करणारी बाई झाले का? माझी जमाखर्चाची वही काही वेगळंच सांगते.

वही काढली. आमचं घर पाच माणसांचं, महिन्याचा खर्च सरासरी ३८,००० रुपये. किराणा ९,०००. दूध, भाजी, फळं ६,५००. मुलांची फी आणि क्लास ८,०००. वीज, गॅस, फोन ४,२००. औषधं २,५००. कपडे २,०००. ऑनलाइन मागवलेलं सटरफटर ३,०००. एसटी-रेल्वे-यात्रा मिळून १,८००. पेट्रोल १,०००. बस्तीतले सवाल, दान, आहारदानाचा खर्च यात धरलेला नाही. तो वेगळ्या पानावर असतो आणि त्यावर पॉइंट मिळवायचा विचार मनात आला तर माझी मलाच लाज वाटेल.

आता त्या पत्रकाच्या मागच्या बाजूला, अगदी बारीक अक्षरांत, पॉइंट कशावर मिळणार नाहीत याची यादी होती. पेट्रोल नाही. घरभाडं नाही. वॉलेटमध्ये भरलेले पैसे नाहीत. वीजबिल, शाळेची फी, विमा, सरकारी भरणा यांवर पॉइंट नाहीत. दुसऱ्या कार्डांच्या अटी थोड्या इकडेतिकडे असतात, कुठे फीवर पॉइंट असतात पण महिन्याला मर्यादा असते, पण ढाचा सगळीकडे हाच. संसाराचे जे मोठे आणि न टळणारे खर्च, तेच बहुतेक यादीबाहेर. दूध आणि भाजी रोख. आमचा किराणा दुकानदार कार्डाचं मशिन ठेवत नाही. मग माझ्या ३८,००० मधले पॉइंटच्या लायकीचे उरले किती? औषधं, कपडे, ऑनलाइन आणि प्रवास, मिळून ९,३००. वर्षाचे १,११,६००.

त्यावर मिळणार काय? इथेच बहुतेक जणी फसतात, म्हणून जरा थांबून सांगते. "शंभर रुपयांना २ पॉइंट" हे ऐकायला दोन टक्के वाटतं. पण पॉइंट म्हणजे रुपया नव्हे. पुष्कळ कार्डांत एक पॉइंट २५ पैशांचा असतो, काहींत २० पैशांचाच. म्हणजे शंभराला ५० पैसे, अर्धा टक्का. पाचपट पॉइंट म्हणजेसुद्धा अडीच टक्के, आणि तेही फक्त हॉटेलच्या बिलावर. शिवाय तोच पॉइंट वस्तूंच्या कॅटलॉगमधून वापरला तर एक किंमत, बिलात वळता केला तर त्याहून कमी, असंही असतं. पॉइंट वापरायला कित्येक बँका ९९ रुपये आणि वर जीएसटी घेतात. दोन-तीन वर्षांत पॉइंट बाद होतात ते वेगळंच.

चला, मी उदार होऊन पूर्ण एक टक्का धरते. १,११,६०० वर १,११६ रुपये झाले. आणि त्या कार्डाची फी होती ९९९, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १,१७९. वर्षभर कार्ड सांभाळून, पिन लक्षात ठेवून, बिलाची तारीख कॅलेंडरवर लिहून माझा तोटा ६३ रुपये. अर्ध्या टक्क्याने धरलं तर सहाशेच्या वर. यापेक्षा रद्दी विकून जास्त येतात.

"पण काकू, वर्षाला दीड लाख खर्च केलात की फी माफ!" हे त्याचं उत्तर मला पाठ आहे, कारण मी ते आधीही एकदा ऐकलं होतं आणि भुललेही होते. खोटं कशाला सांगू. चार वर्षांपूर्वी माझ्याकडे असंच एक कार्ड होतं. दिवाळीच्या तोंडावर बँकेचा मेसेज आला, आणखी ११,००० खर्च करा आणि १,००० रुपयांचं व्हाउचर मिळवा. घरात काहीही कमी नव्हतं. तरी मी जाऊन डिनर सेट आणला, पडदे बदलले, आणि उरलेल्या दीड हजाराचं काय करू या विचारात एक मिक्सर घेतला, जुना चालू असताना. व्हाउचर आलं ते एका कपड्याच्या ब्रँडचं. दुकानात गेले तर तिथे हजारात ओढणी येत होती. आणखी चौदाशे घालून कुडता घेतला. तो मला दंडात घट्ट होतो. डिनर सेट अजून खोक्यात आहे, कारण आमच्याकडे जेवायला बसतात ते स्टीलच्या ताटांत.

हजार रुपयांसाठी मी जवळजवळ साडेबारा हजार घालवले, आणि त्या वेळी मला वाटत होतं की मी हुशारी करते आहे. पुढच्या दशलक्षणात आकिंचन्य धर्माच्या दिवशी प्रवचन ऐकताना माझं लक्ष सारखं त्या खोक्याकडे जात होतं. आपल्याकडे परिग्रह परिमाण व्रत आहे. इतकी वस्त्रं, इतकी भांडी, इतकं धन, यापुढे नाही, असं आपण स्वतः ठरवतो. ही कार्डं उलट्या बाजूने मर्यादा घालतात. इतका खर्च तरी करा, त्याच्या खाली नको. व्रत घेतलेल्या बाईने असं कार्ड घेणं मला तरी पटत नाही, मग त्यावर कितीही पॉइंट मिळोत. व्रत नसेल घेतलं तरी वही आहेच की.

एअरपोर्टच्या लाउंजचं तर बोलूच नका. "फ्री लाउंज" म्हटलं की तरुण मुलींचे डोळे चमकतात. आमच्या घरात शेवटचं विमान कधी धरलं होतं ते आठवायला मला नवऱ्याला फोन करावा लागला. शिवाय आता अनेक कार्डांवर आधीच्या तिमाहीत ठरावीक खर्च केला असेल तरच लाउंजचं दार उघडतं. आणि आत गेल्यावर आपण खाणार काय? फळं आणि चहा.

आता व्याज. आमच्या मंडळातल्या एका तरुण सुनेने मला विचारलं, "काकू, बिल आलं की त्यात कमीत कमी भरायची रक्कमही लिहिलेली असते, तेवढी भरली तर चालतं ना?" चालतं गं, पण बँकेला. समजा बिल आलं ४०,००० चं आणि तू किमान रक्कम म्हणून २,००० भरलेस. दंड लागत नाही, फोन येत नाही, सगळं गोड असतं. पण उरलेल्या ३८,००० वर महिन्याला साडेतीन टक्के दराने १,३३० रुपये व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटी २३९. झाले १,५६९. आणि हा कमीत कमी हिशेब आहे, कारण बिल पूर्ण भरलं नाही तर व्याज खरेदीच्या दिवसापासून मोजतात, आणि पुढच्या नव्या खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. आता त्यासमोर ठेव वर्षभराचे पॉइंट. तीन लाखांच्या खर्चावर अर्ध्या टक्क्याने १,५००. एका महिन्याच्या हलगर्जीपणात वर्षाची कमाई गेली.

साडेतीन टक्के महिन्याला म्हणजे वर्षाला ४२. काही कार्डांवर त्याहूनही जास्त. २००८ मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाने ३० टक्क्यांवर व्याज घेणं ही अनुचित प्रथा ठरवली होती. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला. म्हणजे ती मर्यादाही आता नाही. आपले आजोबा गावात सावकारी करणाऱ्याला नावं ठेवायचे. त्या सावकाराने हा दर ऐकला असता तर त्यानेही कानाला हात लावला असता.

माझ्या सासूबाईंचं मत एका वाक्यात आहे, "उसने ते उसने, कार्डाने घ्या नाहीतर हाताने." मी त्यांच्याशी पूर्ण सहमत नाही, पुढे सांगते का. पण त्यांचा एक प्रश्न मला गप्प करून गेला. त्या म्हणाल्या, "बँक तुला फुकट देते म्हणतेस. मग तिला कोण देतं?" आपल्यातल्या किती घरांत दुकान आहे! आमचंही कापडाचं आहे. गिऱ्हाईक क्रेडिट कार्ड घासतं तेव्हा दीड-दोन टक्के मशिनवाल्या बँकेकडे कापले जातात, आणि रात्री हिशेब करताना यजमान कुरकुरतात. तेच यजमान दुसऱ्याच्या दुकानात कार्ड काढतात तेव्हा मात्र पॉइंट मोजतात! म्हणजे थोडं दुकानदाराच्या गल्ल्यातून येतं. आणि पुष्कळ येतं ते किमान रक्कम भरणाऱ्या त्या सुनेसारख्यांच्या खिशातून. बिल वेळेवर भरणारी काटकसरी बाई जे पॉइंट मोजते, त्यात कुणाच्या तरी ४२ टक्क्यांचा वाटा असतो. यावर माझ्याकडे उत्तर नाही. मी बिल वेळेवर भरते आणि पॉइंटच्या मागे धावत नाही, एवढंच मला जमतं. तुम्हाला याहून बरं सुचलं तर कळवा.

मग कार्ड घेऊच नये का? सासूबाईंशी मी असहमत आहे ती इथे. आमच्या ओळखीतल्या एक वहिनी दोन वर्षांपूर्वी एकाएकी एकट्या पडल्या. घरातला सगळा व्यवहार त्याच बघायच्या, बिल कधी भरायचं हे त्याच भावोजींना सांगायच्या, त्यांच्या पर्समध्ये कार्डही होतं. पण ते होतं ॲड-ऑन, म्हणजे नवऱ्याच्या खात्यावरचं जोडकार्ड. तो गेला, मूळ खातं बंद झालं, त्याबरोबर यांचंही कार्ड गेलं. पुढे मुलाच्या शिक्षणासाठी कर्ज घ्यायला गेल्या तर त्यांच्या नावावर पत म्हणून काहीच नोंद नव्हती. वीस वर्षं एक दिवसही उशीर न करता बिलं भरणारी बाई, आणि कागदावर कोरी. कारण जोडकार्डाचा सगळा इतिहास मूळ कार्डधारकाच्या नावावर जमा होतो.

म्हणून मंडळात बसून "कोणत्या कार्डावर जास्त पॉइंट" यावर तासभर बोलणाऱ्या मैत्रिणींना माझं सांगणं आहे की आधी बघा तुमच्या पर्समधलं कार्ड कोणाचं आहे. खर्च तुम्ही करता, सवय तुमची, वही तुमच्या अक्षरात, आणि नाव त्यांचं. हे बदला. "मला पगार नाही, मला कोण देणार?" असं वाटत असेल तर बँकेत स्वतःच्या नावावर मुदत ठेव ठेवा, तिच्या तारणावर कार्ड मिळतं. ठेवीवरचं व्याजही चालू राहतं. भिशीचे पैसे येतील तेव्हा सोन्याची आणखी एक बारीक साखळी करण्यापेक्षा मला हे शहाणपणाचं वाटतं. (साखळीवाल्या मैत्रिणींनी रागावू नये.) त्या कार्डावर महिन्याला फोनचं बिल आणि औषधं एवढंच घाला, पूर्ण रक्कम आपोआप खात्यातून जाईल अशी सूचना बँकेला द्या आणि विसरून जा.

आणि पॉइंट हवेच असतील, तर वहीतली सर्वांत मोठी अशी ओळ शोधा जिच्यावर खरोखर काही मिळतं, आणि त्याच ओळीचं, बिनफीचं कार्ड घ्या. माझ्या वहीत ती ओळ ऑनलाइन खरेदीची निघाली. महिन्याला ३,०००, वर्षाला ३६,०००. ऑनलाइनवर पाच टक्के थेट बिलात वजा करणारं, वार्षिक फी नसलेलं कार्ड मिळालं तर १,८०० रुपये सुटतात, पॉइंटचा कॅटलॉग नाही की व्हाउचर नाही. अशी कार्डं बहुधा एखाद्या ठरावीक वेबसाइटशी जोडलेली असतात, म्हणून आपली खरेदी त्याच वेबसाइटवर होते का तेवढं पाहा. जिची मुलं पुण्या-मुंबईला शिकतात आणि जी महिन्यातून दोनदा एसी डब्याचं तिकीट काढते, तिने रेल्वेच्या कार्डाची अटींची पानं वाचावीत, तिला ते फायद्याचं पडू शकतं. मला नाही पडत. जिचा किराणा मोठा आहे तिने रूपे क्रेडिट कार्डाचा विचार करावा. २०२२ पासून ते यूपीआयला जोडता येतं, म्हणजे मशिन नसलेल्या दुकानातही क्यूआर स्कॅन करून देता येतं. मात्र तो क्यूआर दुकानाच्या नावाचा हवा, दुकानदाराच्या खासगी नंबरावर क्रेडिट कार्डातून पैसे जात नाहीत. आणि अशा व्यवहारांवर काही बँका पॉइंट कमी देतात किंवा देतच नाहीत, हेही आधी विचारा. आणखी एक. यूपीआय नुसतं बोटाने होतं, त्यामुळे बिल केव्हा फुगलं ते कळत नाही. मी स्वतः अजून ते जोडलेलं नाही, माझ्या बोटावर माझा तेवढा विश्वास नाही.

कार्ड घेतल्यावर पहिले तीन महिने वहीत एक जादा रकाना करा, "कार्ड नसतं तर हे घेतलं असतं का?" ज्या महिन्यात तिथे तीनदा "नाही" लिहावं लागेल, त्या महिन्यात ते कार्ड तुमच्या सवयीला शोभत नाही असं समजा. तुमची सवय त्याला शोभेल अशी व्हायला लागली आहे.

त्या अकरा जणींसाठी. कार्ड पोस्टाने आलं असेल आणि अजून चालू केलं नसेल तर घाबरू नका. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे ३० दिवसांत कार्ड चालू झालं नाही तर बँकेला तुमची ओटीपीने संमती विचारावी लागते. तो ओटीपी कुणालाही देऊ नका. संमती नसेल तर ७ कामकाजाच्या दिवसांत काहीही पैसे न घेता खातं बंद करावं लागतं. चालू केलं असेल आणि थकबाकी काही नसेल, तर लेखी विनंती करा. त्यालाही ७ कामकाजाचे दिवसच आहेत, आणि उशीर केला तर बँकेने दिवसाला ५०० रुपये तुम्हाला द्यायचे असतात. विनंतीची तारीख वहीत लिहून ठेवा. फोनवर "मॅडम, फी माफ करतो, एक वर्ष ठेवा" असं सांगतील, तेव्हा नुसतं "बंद करा" म्हणायचं, कारणं सांगत बसायचं नाही.

येत्या अष्टमीनंतरच्या बैठकीला तो मुलगा पुन्हा येणार आहे म्हणे, राहिलेल्या अकरा जणींचे अर्ज भरून घ्यायला. मीही त्या राहिलेल्यांत आहे. अर्जाबरोबर एका पानाचं मुख्य अटींचं पत्रक द्यावं लागतं, ते मी पहिल्यांदा मागणार आहे. एक पॉइंट किती पैशांचा, तो वापरायला किती पैसे, आणि वीजबिल-फीवर मिळतो का, हे तीन प्रश्न लिहून ठेवलेत. तुम्हीही आपापली वही घेऊन या. चहा आमच्याकडून, सूर्यास्ताच्या आत.